तिसऱ्या पुलावरची चिंधी

"पूल हलतो म्हणून घाबरू नका बाई, हलायचा थांबला तर मला हाक मारा."

झुलत्या पुलाच्या मधोमध डोळे मिटून बसलेल्या एका बाईला तो एकदा असं म्हणाला होता. ती हसली आणि उठून चालू लागली.

वन उद्यानातले चार झुलते पूल आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा तो बावीस वर्षं राखत होता. फाटक उघडण्याआधी पाना घेऊन निघायचा, प्रत्येक लोखंडी दोरावर ठोका द्यायचा, कान लावायचा, पुढे जायचा. म्हणून त्याचं नाव पडलं ठोकेकाका. बायको वैतागायची, "पाहुणा टेकायच्या आत खुर्ची काय ठोकता? त्यांना वाटतं, आपण उठवतोय."

दोरातली तार तुटलेली दिसली की तिथे लाल चिंधी बांधायची, आठवड्याने पुन्हा मोजायचं, आकडा वाढला तर पूल बंद. ही रीत त्याला जुन्या मिस्त्रीने शिकवली होती.

गेल्या रविवारी त्याने तिसऱ्या पुलावर चिंधी बांधली. फिरायला आलेल्या एका जोडप्याला वाटलं, इथे मनातली इच्छा धरून गाठ मारतात. त्यांनी लाल रुमाल फाडून शेजारी बांधला, त्यांचं बघून इतरांनीही. तीन दिवसांत पूल लाल झाला. त्याने चिंध्या सोडवाव्यात, लोकांनी बांधाव्यात. शेवटी उद्यानाच्या साहेबांनीच फाटकावर लाल फितींची टोपली ठेवली, वर पाटी लावली : इच्छापूल.

आज सकाळी फितींच्या गर्दीत चाचपत त्याने आपली तेलकट चिंधी शोधली. तुटलेल्या तारा दोनाच्या पाच झाल्या होत्या. एक बोटात घुसली. तो तडक साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, तीन नंबर बंद करावा लागेल."

"आज? रविवारी? अहो काका, लोक त्याच पुलासाठी येतात."

"म्हणूनच म्हणतोय."

"दोरात तारा किती असतात? शंभरेक? त्यातल्या पाच गेल्या तर काय आभाळ कोसळतं?"

"तीन या आठवड्यातच गेल्यात."

साहेबांनी मोबाइलवरचा पुलाचा फोटो पुढे सरकवला. "दाखवा, कुठे?"

तो बघत राहिला. सगळं लालच लाल. ज्या खुणेवर बावीस वर्षं विसंबला, तीच त्याच्यावर उलटली होती.

"बघा, तुमचं तुम्हालाच सापडेना. उद्या इंजिनिअर येतोय, तो बघेल. तोवर तुम्हीही एक फीत बांधून टाका, पूल टिकू दे म्हणून."

साहेब आपल्याच विनोदावर हसले. दोर ठोकला की खरं बोलतो. या माणसाला कुठे ठोकायचं, ते कुठल्याच मिस्त्रीने शिकवलं नव्हतं. खिडकीबाहेर तिकिटांची रांग लागली होती. एक आजी नातीच्या मनगटाला लाल फीत गुंडाळत होती, वर गेल्यावर बांधायला.

दाराजवळच्या खिळ्यावर पूल बंद करायची साखळी आणि कुलूप टांगलेलं होतं. साहेबांच्या सहीशिवाय त्याला हात लावला तर नोकरी गेली, हा इथला नियम.

त्याने साखळी काढून खांद्यावर टाकली.

"काका, ती ठेवा तिथे. काका, मी तुमच्याशी बोलतोय."

बोटाचं रक्त त्याने पँटला पुसलं, कुलूप खिशात घातलं आणि तो तिसऱ्या पुलाच्या दिशेने बाहेर पडला.