कपाटातले चष्मे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. चहा निवून गेला, तरी सुरुवात होईना.

माझी उभी हयात प्रयोगशाळेच्या सुरक्षेत गेली. आधी सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या रंगखात्यात, मग कॉलेजांतून व्याख्यानं देत. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. आणि प्रत्येक व्याख्यानात एक गोष्ट ठरलेली — आमच्या लॅबमधल्या सुमनबाईंची. ॲसिड ओतताना त्यांनी चष्मा घातला नाही, उजवा डोळा गेला. पोरं चिडीचूप व्हायची. मला ते आवडायचं — हो, आवडायचं!

पण चष्मा का घातला नाही, हे कुणी विचारलं का कधी?

आमच्याकडे रीतच होती. नवे चष्मे कपाटात, कुलपात. तपासणीचे साहेब यायचे म्हटलं की पुसून मांडायचे, साहेब गेले की परत आत. रोज वापरले तर ओरखडे पडतात ना! त्या दिवशी सुमनबाई कपाटापाशी आल्या. "सर, चष्मा देता का? लई उडतंय हे." मी म्हणालो, "उद्या तपासणी आहे. आजच्या दिवस सांभाळून करा." चावी माझ्या खिशात होती.

त्या किंचाळल्या. मी — कसं सांगू? डोळ्यात ॲसिड गेलं की पहिलं पाणी, हे मीच सगळ्यांना शिकवायचो. मी पहिलं कपाट उघडलं. एक चष्मा त्यांच्या टेबलावर ठेवला. मग पाणी आणलं.

चौकशीत तो चष्मा सगळ्यांना दिसला. बाईंचीच हयगय, असं ठरलं. मीही मान डोलावली.

परवा त्या नवी पेठेत भेटल्या. डाव्या डोळ्याने बघायला पुरी मान वळवावी लागते त्यांना. म्हणाल्या, "धाकटीच्या कालेजात तुमचं व्याख्यान हुतं की. घरी येऊन मलाच बोलली — आई, चष्मा समोर हुता, तर घातला का न्हाईस?"

"मग?" मी विचारलं.

"म्या काय सांगनार? तुमी सर न्हवं का तिचं."

मी गडबडीने रिक्षाला हात केला. लाज वाटली का? वाटली, खूप वाटली.

काल पुन्हा एका कॉलेजात व्याख्यान होतं. सुमनबाईंची गोष्ट सांगितली. चष्मा समोर होता, त्यांनी घातला नाही, असंच सांगितलं.