तीन वायरींचं हळदीकुंकू

मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरात ही गोष्ट कुणी फारशी मनावर घेत नाही.

त्या दसऱ्याला अकोल्याच्या आमच्या घरी जिन्याचं बटन बदलायचं होतं. दिवा वरून-खालून दोन्हीकडून लागायचा, पण खालचं जुनं बटन मनात आलं तरच काम करायचं. मागच्या दसऱ्याला आईचे ऐंशी वर्षांचे थोरले भाऊ, आमचे मामा, सोनं द्यायला आले आणि अंधारात त्यांची पायरी चुकली. यंदा त्यांचा निरोप आला, "मी खालूनच आपट्याचं पान देतो." तेव्हापासून आईला घास गोड लागेना.

"मी बसवतो नवं बटन!" मी छाती काढून जाहीर केलं.

मोठ्या वहिनी पातूरच्या. माहेरी शेतातली मोटर, स्टार्टर, फ्यूज, सगळं त्याच पाहायच्या. (मी मोटर फळ्यावर काढतो. त्या विहिरीतून काढतात!) मी टेस्टरनं करंट आणणारी फेजची वायर हेरल्यावर त्यांनी मेन बंद केला आणि ओसरीत मेनखालीच पाट टाकून भाजी निवडायला बसल्या.

"कोणी चुकून चालू केला म्हंजे? मी इथून हालत नाही. तुमी खुणेसाठी फेजले टेप लावा भाऊजी."

"टेप कायले पाहिजे?" म्हणत मी पूजेच्या तबकातलं कुंकू त्या वायरीला लावलं, जुनं बटन सोडवून खिशात टाकलं आणि नवीन आणायला बाजारात गेलो.

परत येतो तर काय! तिन्ही काळ्या वायरींना हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल! शेजारी पक्कड, पेचकस, टेस्टर नटूनथटून बसलेले.

"आई, हे काय केलं?"

"दसरा हाये. हत्यारांची पूजा नाही करायची? अन् तूनं एकीलेच कुंकू लावलं. बाकीच्या दोघीइनं काय घोडं मारलं?"

आता त्यातली फेजची वायर कुठली, काही ओळखू येईना. मामा तासाभरात येणार होते.

"अंदाजानं जोडून पाहू का?" मी विचारलं.

"अंदाजानं?" वहिनींनी भाजी बाजूला ठेवली. "करंट काई ओळखीपाळखी पाहत नाही, भाऊजी. सरका!"

त्यांनी फुलं काढली, वायरी कोरड्या फडक्यानं पुसल्या, टोकं एकमेकींपासून लांब केली. पायात रबरी चप्पल घातली, सगळ्यांना मागं सारलं आणि मेन चालू करायला लावला. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये पारखला, मगच एकेका टोकाला टेकवला. तिसऱ्या वायरीला तो पेटला. लगेच मेन बंद! पुन्हा टेस्टर लावून करंट नसल्याची खात्री केली. मग लाल टेप गुंडाळून ती वायर मधल्या स्क्रूला बसवली.

"या बाकीच्या दोघी सख्ख्या बहिणी. कोणतीई कुठंई लावा."

वीस वर्षं विद्युतधारा शिकवतोय, इतका स्वच्छ धडा मला कधी जमला नाही.

संध्याकाळी मामांनी स्वतः बटन दाबलं, एकेक पायरी चढून वर आले आणि बहिणीच्या हातात सोनं ठेवलं. आईच्या डोळ्यांतून पाणीच आलं. तिनं तबक आणून टेस्टरला पुन्हा कुंकू लावलं, मग वहिनींच्या कपाळाला.

मीही कपाळ पुढे केलं.

"तू थांब," आई म्हणाली, "आज कामात येते त्याचीच पूजा असते."