रिकाम्या जागेचे पाणी

तापून भेगाळलेल्या काळ्या मातीत पाणी शिरते तेव्हा एक आवाज होतो. दूर कुणीतरी जाडेभरडे कापड फाडत असावे आणि मध्येच थांबून दम घेत असावे, असा. मे महिन्यातल्या संध्याकाळी तो आवाज स्वयंपाकघराच्या भिंतीमागून येई, आणि त्यापाठोपाठ खिडकीतून भाजक्या हरभऱ्यासारखा ऊन वास. मागे बाबा पाणी घालत असत.

तिथे काहीही लावलेले नव्हते.

आमचे घर वर्ध्याहून सावंगीकडे जाताना लागते. बाबा शाळेत शिक्षक झाले त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी ते बांधून घेतले. पुढे आईचा मोगरा आणि लिंबू. मागे मात्र नुसती उघडी जमीन. ऐंशी ओलांडलेले बाबा रोज बादली आणि पितळी गडवा घेऊन भिंतीच्या कडेकडेने जात. हातभर अंतर, एक गडवा. पुन्हा हातभर, पुन्हा एक. बादलीच्या तळाशी उरलेला शेवटचा गडवा ते भिंतीपासून दूर, धुण्याचा दगड आणि कपड्यांची तार यांच्या मधल्या एका जागी ओतत. फार हळू, धार तुटू न देता.

"बाबा, तिथं काय आहे?"

"काही नाही."

"मग पाणी कशाला?"

"लागतं," ते म्हणत.

रोज तेच विचारायचे मी सोडून दिले. नंतर दारात उभी राहून मी फक्त "बाबा?" एवढेच म्हणे. त्या हाकेत प्रश्न नव्हता, निकाल होता. हे मला आज ऐकू येते.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर केसाएवढी एक चीर होती. तिच्यावर आडवा, दोन्ही टोकांना चुन्याने चिकटवलेला काचेचा एक चिंचोळा तुकडा बाबांनी लावला होता. दिवाळीच्या रंगकामात मी तो खरवडून काढायला लावला. रंग वाळल्यावर बाबा बोटांच्या टोकांनी ती जागा चाचपत राहिले, जसे अंधारात कुणी दिव्याचा खटका शोधते.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. "रिकाम्या जागेला पाणी घालतात," मी सांगितले, आणि डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले. त्यांनी वार विचारला. बाबांनी अचूक सांगितला. सोबत कोण आले आहे, असे विचारल्यावर मात्र माझ्याकडे पाहून त्यांनी आईचे नाव घेतले. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

घरी येऊन मी बादली माळ्यावर टाकली. त्या उन्हाळ्यात भिंतीमागून आवाज आला नाही. बाबा हिवाळ्यात गेले.

पुढच्या मे महिन्यात ती चीर उघडली. आधी नखाएवढी, मग तिच्यात माझे बोट जाऊ लागले. दाराची चौकट तिरपी झाली, कडी लागेना. हे घर ज्या मिस्त्रींनी बांधले त्यांचा मुलगा समुद्रपूरला असतो, तोही मिस्त्रीच, आता सत्तरीचा. त्याला बोलावले. त्याने भिंतीकडे पाहिलेसुद्धा नाही. मागे जाऊन, उकिडवे बसून तो जमीनच पाहत राहिला. भिंतीला लागून मनगट जाईल एवढी भेग पडली होती.

"ताई, पाणी कावून बंद केलं?"

"कसलं पाणी?"

"गुरुजी घालत होते ना. माह्या बापानंच सांगतलं होतं त्याईले. हे काळं रान आहे, उन्हाळ्यात आखडते. पायाखालून माती सरकली, तं भिंत का हवेत उभी राहीन? थोडं थोडं पाजत राहावं लागते." मग नव्या रंगाकडे हनुवटीने खूण करत तो म्हणाला, "वरून झकास सजवली तुम्ही. पायाले मात्र उपाशी ठेवलं."

मी काचेच्या तुकड्याचे सांगितले.

"मंग? काच तडकली का समजावं, भिंत हालून राह्यली. कोणं काढली?"

 

म्हणजे बाबा शाबूत होते. हे वाक्य मी मनात उभे केले, आणि ते उभे राहीना. कारण डॉक्टरांसमोर घेतलेले ते आईचे नाव होतेच. मी त्याला तारेजवळच्या त्या जागेशी नेले. शेवटचा गडवा इथे ओतत, म्हटले. त्याने टाच आपटून पाहिली, चहूकडे नजर फिरवली. खाली जुना पाया, हौद, विहीर, काही आहे का, मी एकामागून एक विचारत गेले.

"काहीच नाई इथं."

"मग का घालत असतील?"

त्याने हाताची माती झटकली. "त्याचं मले नाई सांगता येत, ताई."

बाबांचे किती जाणतेपण होते आणि किती हरवणे, यांच्यामधली रेघ मला त्या जागी सापडेल असे वाटले होते. सापडली ती नुसती माती, इतर मातीसारखीच. त्यांनी सांगितले नाही, की मी ऐकून घ्यायला म्हणून विचारलेच नाही?

आता संध्याकाळी मीच बादली भरते. हातभर अंतर, एक गडवा. मिस्त्रींचा मुलगा म्हणाला होता, भेग एकदम मिटणार नाही, पण पावसापर्यंत भिंत तगेल. परवा कडी लागली. थोडा जोर लावावा लागला.

काल तळाशी एक गडवा उरला. भिंतीला पुरेसे झाले होते. मी तारेकडे गेले आणि ते पाणी त्या जागी ओतू लागले, हळू, धार तुटू न देता. असे केल्याने काही कळेल अशी एक वेडी आशा होती. मातीने तोच आवाज केला, तोच वास वर आला. याशिवाय मला काहीही कळले नाही.

सुट्टीवर आलेली माझी मुलगी मागच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली, ठाऊक नाही. तिने त्या उघड्या जमिनीकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या गडव्याकडे.

"आई?"