वास आला तर ड्रम खाली

ओल्या कचऱ्यासारखेच किस्सेही घरात साठत जातात. वेळेवर बाहेर काढले नाहीत, तर आतल्या आत कुजतात! म्हणून आमच्या बरकतपुऱ्यातल्या अपार्टमेंटचे हे किस्से लिहून टाकते. फजिती बहुतेक माझीच आहे.

नववीच्या सुट्टीत मी गच्चीवर कंपोस्टचा निळा ड्रम ठेवला. स्वप्न मोठं होतं: घरच्या खतावर घरची भाजी! पुस्तकात लिहिलं होतं, ‘ओला कचरा घाला.’ मी घातला. ‘तेवढाच सुका पाला घाला’ हे पुढच्या पानावर होतं. त्या पानापर्यंत मी आठ दिवसांनी पोचले. तोवर वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला होता.

तिसऱ्या मजल्यावर राहतात असोसिएशनचे प्रेसिडेंट वेणू अंकल. ते नाक धरूनच वर आले.

“बेटा, फिर से स्मेल आया तो ड्रम नीचे!”

मी मान हलवली. बोलायची वेळ आली की मी मानच हलवते.

*

बाबा म्हणाले, “घाबरतेस काय? आपण नांदेडकडची शेतकरी माणसं. खत आपल्या रक्तात आहे!”

बाह्या सरसावून त्यांनी झाकण उघडलं. आत अळ्या वळवळत होत्या. बाबा एका उडीत जिन्यात!

तिथूनच त्यांचा आवाज आला, “तू कर. मी मार्गदर्शन करतो.”

*

आमच्या तिघांच्या घरातल्या भाजी-फळांच्या साली ड्रमला पुरेनात. शेजाऱ्यांकडे मागायच्या, तर बोलावं लागणार. मग मी एक युक्ती काढली. रिकाम्या डब्यावर ‘साली द्या, प्लीज’ अशी चिठ्ठी चिकटवायची, डबा दाराशी ठेवायचा, बेल वाजवायची आणि पळायचं.

चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या नसीम खालांनी मला जिन्यात गाठलं.

“घंटी बजाको भाग जाती! बात कायकू नै करती? मुँह में छिलके भरे क्या?”

मी मान हलवली. होकारार्थी!

*

पहिलं खत तयार होईपर्यंत धीर निघेना. मी कुंड्यांमध्ये पालक, टोमॅटो आणि अंबाडी पेरली. रोज पाणी दिलं, वहीत रोपांची उंची लिहिली. सगळं मेलं. आणि ड्रमच्या हवेच्या भोकातून, कुणी न पेरलेलं टोमॅटोचं रोप ऐटीत बाहेर आलं.

वॉचमनची बायको यादम्मा म्हणाली, “इसको तू हाथ नै लगाई ना, इसलिए बचा.”

*

शेवटी नोटीस बोर्डावर मीटिंग लागली. विषय एकच: गच्चीवरचा वास. जागा: वेणू अंकलचं घर. सुका पाला घालू लागल्यापासून वास येत नव्हता, पण हे सांगणार कोण? मी भाषण लिहिलं आणि पाठ केलं.

आदल्या दिवशी पहिलं खत चाळून झालं. काळं, कोरडं, भुसभुशीत. अंकलच्या घरून लक्ष्मी आंटींनी त्यांच्याच स्टीलच्या डब्यात साली पाठवल्या होत्या. तो डबा परत द्यायचा होता, आणि आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. आई लाडू नाहीतर साखर घालते. मला वाटलं, साली घेतल्या, तर खतच द्यावं. डबा घासून खतानं भरला, त्यांच्या दाराशी ठेवला, बेल वाजवली आणि पळाले.

चिठ्ठी लावायची राहिली.

मीटिंगला सगळे जमले. माझ्या पाठ भाषणाचं पहिलं वाक्यच आठवेना. अंकल म्हणाले, “पहले चाय.”

आंटी आतून तोच डबा घेऊन आल्या. “इनके घर से नई चायपत्ती आई. देखो, अच्छी है क्या?”

अंकलनी डबा नाकाशी नेला. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग डबा मीटिंगच्या मिनिट्सची वही उघडून बसलेल्या सेक्रेटरी अंकलच्या नाकाखाली धरला.

“ये कैसी पत्ती है? इसमें तो स्मेलच नै!”

सेक्रेटरी अंकलनीही मनापासून हुंगलं. “बिल्कुल नै.”

मी उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“अंकल, ये बात मिनिट्स में लिख लेते क्या?”