दोन चमचे पाणी

मी पुण्याजवळच्या वाघोलीत आशा सेविका म्हणून काम करायला लागले, तेव्हा गाव झपाट्याने बदलत होतं. आमच्या सासरच्यांची ज्वारी असायची तिथे सात मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांत खराडीच्या कंपन्यांत जाणारी मंडळी राहायला आली आणि त्यांची बाळं माझ्या वहीत आली.

एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमचं प्रशिक्षण होतं. आम्हाला आधीच काय काय येतं ते बघायला डॉक्टर मॅडमनी सुरुवातीलाच प्रश्नपत्रिका वाटली. त्यात विचारलं होतं, तीन महिन्यांच्या बाळाला उन्हाळ्यात पाणी द्यावं का? मी बेधडक लिहिलं, हो, उकळून गार केलेलं, दोन चमचे. माझ्या दोन्ही मुलांना मी तसंच दिलं होतं.

उत्तर चुकलं. सहा महिने फक्त आईचं दूध, हे मला पाठ होतं. पण त्या 'फक्त'मध्ये पाणीही येतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुधातच भरपूर पाणी असतं, मॅडम समजावत होत्या. वरच्या पाण्याने इवलंसं पोट भरतं, मग बाळ दूध कमी पितं, आणि पाणी खराब निघालं तर जुलाब. मला पटलं, आणि लगेच आठवलं. गेल्याच आठवड्यात मी एका घरी हाच सल्ला देऊन आले होते.

घर यवतमाळच्या कुटुंबाचं. मुलगा आयटीत, सून बाळंतीण आणि कारभार सासूबाईंचा; त्यांना मी काकू म्हणायचे. प्रशिक्षणाहून परतताना सहा आसनी रिक्षात मी विचार करत होते, सांगावं की गप्प बसावं. सांगितलं तर पुन्हा कोण माझं ऐकणार? तरी घरी न जाता थेट त्यांच्याकडेच उतरले.

काकूंनी पन्हं दिलं. मी ग्लास तसाच हातात धरून म्हटलं, "काकू, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. बाळाला पाणी देऊ नका."

काकू म्हणाल्या, "बाई, आमच्या तिकडं उन्हानं दगड तापते. अन् लेकराले पाणी नाही?"

मी शिकले ते सगळं सांगितलं. सुनेने स्वतः भरपूर पाणी प्यावं, बाळाला पुन्हा पुन्हा पाजावं. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर मोजून बघा म्हटलं. दिवसाला सहा वेळा किंवा जास्त शू झाली, तर दूध पुरतंय. मुलगा कॉम्प्युटरवर शोधायला उठला, तर काकूंनी त्याला हाताला धरून बसवलं.

"चुकली म्हणून सांगाले आली बाई. आता खोटं कायले सांगन?"

चार दिवसांनी गेले, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत पेन्सिलच्या रेघा. काकूंनी आदल्या दिवसाच्या चौकटीवर बोट ठेवलं. आठ. पोराने परीक्षेत पहिला नंबर काढावा असा त्यांचा चेहरा होता. मलाही हसू आवरेना.

मग त्या थांबल्याच नाहीत. संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर बसून त्या नव्या आयांना सगळं सांगायच्या, माझ्यापेक्षा ठसक्यात. शेजारच्या आजी एकदा प्रेमाने बाळासाठी वाटीत पाणी घेऊन आल्या. काकूंनी ते घटाघटा स्वतःच पिऊन टाकलं आणि रिकामी वाटी परत दिली.

बाळाला सहा महिने पूर्ण झाले आणि मला उष्टावणाचं आमंत्रण आलं. मामा खास यवतमाळहून नवा शर्ट घालून आला होता. त्याने भरवलेला पहिला घास बाळाने थेट त्या शर्टावर उडवला. काकूंनी मऊ वरणभाताची वाटी माझ्या हातात दिली. मी आधी सुनेकडे बघितलं, तिने हसून मान हलवली. मी बोटावर इतकासा घास घेऊन बाळाच्या ओठांना लावला. बाळाने तो चघळला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

घर हसत होतं, आणि मामा बिचारा शर्ट पुसत होता.