कोपीतली लाल खुर्ची

हसायचं तर आधीच हसून घ्या, म्हणजे चहाचा ठसका लागायचा नाही. माझ्याच हुशारीनं मला कसं तोंडावर पाडलं, ते सांगते.

मी शाळेची पायरी चढले नाही. पुड्यांच्या कागदावरून अक्षरं शिकले, आणि आता पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. तेव्हा कुठल्याशा मंत्र्याची चौकशी चालली होती. त्यात मला एक शब्द गवसला, परिस्थितीजन्य पुरावा. कुणी डोळ्यांनी पाहिलं नसलं तरी कडीला कडी जोडत गेलं की चोर सापडतो म्हणे. लई आवडला मला. फक्त चोर पाहिजे होता.

अशात येळवस आली. आमच्या लातूरकडं त्या अमावस्येला आख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पूजा करायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी नि आंबील खायला एकमेकांना बोलवायचं. महादेवीचं शेत माझ्या बांधाला लागून. तीस वर्षं पहिलं बोलावणं तिचं. ती सरपंच झाली तरी चुकलं नाही. त्या वर्षी मात्र आलंच नाही.

तणतणत मागच्या दारानं निघाले, तर गावच्या विहिरीवरची मोटर गायब! गल्लीच्या तोंडाशी महादेवीचा ट्रॅक्टर उभा. शेतात पोचून बांधावरून पाहते, तर तिच्या कोपीत घोंगड्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला बघताच तिनं वर कडबा ओढला. आता तुम्हीच सांगा, जुळल्या का नाही कड्या?

ग्रामसभेत उभी राहिले. एकेक कडी मोजून दाखवली, तो शब्द तीनदा वापरला आणि ‘सरपंचाचा मोटर घोटाळा’ म्हणून मोकळी झाले. लोक माना डोलावत होते. मला वाटलं, त्या मंत्र्याच्या चौकशीला मलाच न्यायला पाहिजे होतं.

महादेवी बसल्या जागेवरूनच बोलली, "अक्का, मोटर रेणापूरला दुरुस्तीला गेली हाय. येळवसच्या आधीपासून पंचायतीच्या फळ्यावर लिहिलंय. तुमाला तर वाचता येतंय की."

फळा माझ्या पाठीमागंच होता.

"मग घोंगड्यात काय झाकलंस?" मी कुठली सोडते.

तिची सून उठली, घरातून लाल प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यापुढं ठेवली. "तुमचे गुडघे धरत्यात म्हणून आत्यांनी आणली. आधी सांगितलं असतं तर आला असता का? ट्रॅक्टरबी बोलावणं घेऊन तुमालाच न्यायला आलता, तुमी मागच्या दारानं निघून गेलात."

खरं होतं. खुर्ची म्हाताऱ्यांना, मी मरेपर्यंत भुईवरच जेवणार, असं आदल्या वर्षी मीच ठणकावलं होतं. कड्या सगळ्या बरोबर होत्या हो. साखळीचं टोक तेवढं माझ्या दारात निघालं.

माफी मागितली का, विचारता? मला तुम्ही ओळखत नाही वाटतं. फळ्यावरचं अक्षर बारीक हाय, एवढं म्हणून घरी आले.

त्याला दोन वर्षं झाली. येळवसला माझ्या कोपीत मी एकटी आंबील पिते. वारा तिकडून आला की महादेवीच्या भज्जीचा वास येतो, चिंच घातलेला, आणि माझा घास तोंडातच फिरत राहतो. दोन्ही वर्षी तिच्या कोपीबाहेर ती लाल खुर्ची मांडलेली होती. रिकामी. तोंड माझ्या बांधाकडं.

याच्याहून कमी पुराव्यावर मी तिला भर सभेत चोर ठरवलं होतं. आणि हे बोलावणं हाय, एवढं मानून चार पावलं टाकायला मी अजून पक्का पुरावा शोधत बसलीय.