बोर्डापलीकडची ब्रुअरी

दारूबंदीच्या जिल्ह्यात राहिलं की दारूचे किस्से आपोआप साचतात. जिथं ती उघड मिळते, तिथले लोक पितात आणि घरी जातात. सांगण्यासारखं काही उरतच नाही. नव्वदच्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या देवळीच्या पानठेल्यावरच्या कितीतरी संध्याकाळी एकट्या प्रभाकरभाऊंच्या बिअरवर निघाल्या.

भाऊंचं बियाण्यांचं दुकान. बंगलोरच्या साळ्याकडून बिअर बनवायला शिकून आले आणि घरातल्या मागच्या खोलीत ड्रम मांडले.

*

बाटल्या हव्या होत्या. भंगारवाल्याला त्यांनी हळूच विचारलं, "बिअरच्या रिकाम्या बाटल्या भेटतीन का?"

तो दुखावला. "भाऊ, आपल्या जिल्ह्यात दारूबंदी हाय." मग सायकल स्टँडवर लावत म्हणाला, "किती पोते टाकू?"

*

ऐन हळदीकुंकवाच्या वेळी दोन बाटल्या फुटल्या. फेस दाराखालून बैठकीत आला. शोभावहिनी शांतपणे म्हणाल्या, "यांचं लिंबाचं सरबत हाय, जरासं नासलं."

दुसऱ्या दिवशी त्या बायकांचे नवरे एकेक करून आले. सगळ्यांना तेच नासलेलं सरबत पाहिजे होतं.

*

आमचा गजानन मोहाची पिणारा. भाऊंनी मोठ्या प्रेमानं ग्लास दिला. त्यानं तो संपवला, मिशा पुसल्या.

"मस्त हाय. आता दारू काढा."

*

तरी भाऊंच्या डोक्यात ब्रुअरी शिरलीच! जाम गावाच्या पुढे, नागपूर रोडवर 'वर्धा जिल्हा हद्द समाप्त' हा बोर्ड ओलांडला की दारू मिळणारा एक ढाबा होता. त्याला लागून जागा पाहिली. आम्ही म्हटलं, "सातबारा पाहून घ्या."

"येवढा मोठा सरकारी बोर्ड असताना सातबारा काऊन पाहू?"

दुकान विकलं, टाक्या घेतल्या, जागेचा सौदा केला. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

*

लायसन्सवाले साहेब जागा पाहायला आले. पाहून झाल्यावर ढाब्यावर ग्लास घेऊन बसले. "उत्तम जागा आहे. तुमचं काम झालं समजा."

तेवढ्यात तलाठी पोचला. "साहेब, हे गाव तं आपल्याच जिल्ह्यात हाय. हद्द तिकडं, नाल्यापल्याड."

सगळ्यांनी बोर्डाकडे पाहिलं.

"तो मीच अलीकडं आणून गाडला," ढाबेवाला म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या मनाले खटकू नये म्हणून."

भाऊ बाजेवर बसले. आम्हाला त्यांच्याकडे बघवेना.

साहेब गंभीर झाले. "मग नाही जमणार, प्रभाकरराव. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे."

आणि रिकामा ग्लास त्यांनी ढाबेवाल्यापुढे धरला.